वजनकाट्याची ३२-बिट लायब्ररी, डेबियन १३ वर: फोंडा-वाळपई प्रकल्पाच्या नोंदी

सुपारी आणि काजू बी विकत घेणाऱ्या गोव्यातल्या एका सहकारी संस्थेची पावती यंत्रणा डेबियन १३ या लिनक्स प्रणालीवर नेण्याचं हे काम. खरेदी केंद्रं तीन, वाळपई, साखळी आणि डिचोली. प्रत्येकी एक काउंटरचा संगणक, एक इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आणि शेतकऱ्याला रक्कम दाखवायला एक रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक). फोंड्याच्या कचेरीत आणखी चार संगणक. वही देवनागरीत आहे, त्यामुळे आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टंकताना अर्थातच रोमन.

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

सातही संगणक एएमडी६४, म्हणजे इंटेल-एएमडी घराण्याच्या ६४-बिट प्रोसेसरचे. काटा पुरवणाऱ्याने दिलेल्या सीडीत दोन गोष्टी: लिबकाटा.एसओ नावाची लायब्ररी (वजन वाचणारा कोड; इतर प्रोग्राम ती आपल्यात उघडून वापरतात) आणि पावतीचा आराखडा जुळवायचा एक छोटा चित्रमय प्रोग्राम. «फाइल» आज्ञा दोन्हींबद्दल «ईएलएफ ३२-बिट, इंटेल» सांगते. सोर्स नाही, ६४-बिट आवृत्ती नाही, मिळेल अशी आशाही नाही.

आराखड्याचा प्रोग्राम नव्या डेबियनवर चालवला की आज्ञा घेणारी बॅश म्हणते «कॅनॉट एक्झिक्यूट: रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड». फाइल तर समोर दिसते आहे! जी सापडत नाही ती ही फाइल नव्हे, तिच्या आत नाव कोरलेला लोडर (प्रोग्राम आणि त्याच्या लायब्ऱ्या स्मृतीत आणणारी फाइल), /लिब/एलडी-लिनक्स.एसओ.२. «रीडएल्फ -एल» चालवून «इंटरप्रिटर» ओळ पाहिली की खात्री होते. केंद्रावरची मंडळी फोनवर जो संदेश वाचून दाखवतील त्यावरूनच निदान करायचं आहे, म्हणून तीन संदेश इथेच वेगळे करून ठेवतो. «रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड» म्हणजे ३२-बिट लोडर नाही, लिबसी६:आय३८६ घाला (आय३८६ हे डेबियनमधलं ३२-बिट इंटेलचं नाव). «एक्झेक फॉरमॅट एरर» म्हणजे कर्नललाच, लिनक्सच्या गाभ्यालाच, हा प्रकार मान्य नाही; चुकून एआरएमची फाइल आणली असेल किंवा बूटच्या ओळीत «आयए३२_एम्युलेशन=ऑफ» असेल. «कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल» म्हणजे लोडर आहे, पण पुढची एखादी लायब्ररी नाही, आणि तिचं नाव त्याच ओळीत लिहिलेलं असतं.

«एलडीडी»वर इथे विसंबू नये. ३२-बिट लोडर नसताना ती सरळ «नॉट अ डायनॅमिक एक्झिक्युटेबल» सांगून मोकळी होते. «रीडएल्फ -डी» आणि त्यातल्या «नीडेड» ओळी बघाव्यात. लिबकाटाला हव्यात: लिबसी.एसओ.६, लिबएसटीडीसी++.एसओ.६, लिबयूडेव्ह.एसओ.१.

८ ऑक्टोबर, बुधवार

रेड हॅटच्या घराण्यात ३२-बिट /यूएसआर/लिब मध्ये आणि ६४-बिट /यूएसआर/लिब६४ मध्ये राहतं. दोन भावांची वाटणी म्हणून ते ठीक, पण आपल्याला एकाच बांधणीच्या संगणकावर (जिथे पॅकेजं तयार होतात) आय३८६, एएमडी६४ आणि एआरएम६४ (रास्पबेरी पायसाठी) अशा तिन्ही आर्किटेक्चरांच्या, म्हणजे प्रोसेसर-प्रकारांच्या, लायब्ऱ्या हव्यात. डेबियन प्रत्येक आर्किटेक्चरला त्याच्या नावाची खोली देतं: /यूएसआर/लिब/आय३८६-लिनक्स-जीएनयू, /यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू, /यूएसआर/लिब/एआर्च६४-लिनक्स-जीएनयू. डेबियन ७ पासून, म्हणजे २०१३ पासून ही सोय स्थिर आवृत्तीत आहे. उबुंटूत त्याआधी ११.०४ मध्ये आली. त्यापूर्वी आयए३२-लिब्ज नावाचं एकच गाठोडं असायचं, त्यात ३२-बिट लायब्ऱ्यांच्या तयार प्रती कोंबलेल्या. एका लायब्ररीची सुरक्षा दुरुस्ती आली तरी अख्खं गाठोडं पुन्हा बांधावं लागे. ते गेलं ते बरंच झालं.

तीन काउंटरवर आणि बांधणीच्या संगणकावर (डीपीकेजी पॅकेजं बसवते, एपीटी ती शोधून आणते):

«डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६»
«एपीटी अपडेट»
«एपीटी इन्स्टॉल लिबसी६:आय३८६ लिबएसटीडीसी++६:आय३८६ लिबयूडेव्ह१:आय३८६»

पहिली आज्ञा काहीही बसवत नाही, /व्हार/लिब/डीपीकेजी/आर्च या फाइलीत एक नाव वाढवते, एवढंच. मधला «अपडेट» विसरला तर «अनेबल टू लोकेट पॅकेज» येतं.

ट्रिक्सीत, म्हणजे डेबियन १३ मध्ये, आय३८६ हे स्वतंत्र आर्किटेक्चर उरलेलं नाही: त्याचं इन्स्टॉलर नाही, कर्नल नाही, ६४-बिट प्रोसेसरवर जुने प्रोग्राम चालवण्यापुरतंच ते आहे. आपल्याला नेमकं तेवढंच हवंय.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

वाळपईची इंटरनेट जोडणी पावसात भरवशाची नाही, म्हणून फोंड्यात «डेबमिरर»ने स्थानिक आरसा (डेबियनच्या पॅकेजांची प्रत) केलेला आहे आणि तो दर रविवारी डिस्कवरून केंद्रात जातो. तो फक्त एएमडी६४ चा होता. आय३८६ जोडल्यावर एपीटी म्हणाली, «स्किपिंग ॲक्वायर… रिपॉझिटरी डझन्ट सपोर्ट आर्किटेक्चर आय३८६». ही चूक नव्हे, नुसती सूचना आहे. पण ती दिसली म्हणून कुणीतरी वाळपईत आय३८६ पुरता थेट इंटरनेटचा स्रोत जोडला, आणि खरी अडचण तिथून सुरू झाली.

«मल्टी-आर्च: सेम» असं लिहिलेली पॅकेजं दोन आर्किटेक्चरांत एकत्र बसतात, पण एका अटीवर: दोघांची आवृत्ती अक्षरशः एकच हवी. आरसा रविवारचा, इंटरनेट शुक्रवारचं, मध्ये लिबयूडेव्ह१ ची दुरुस्ती येऊन गेली. एपीटीचं उत्तर: «लिबयूडेव्ह१ : ब्रेक्स: लिबयूडेव्ह१:आय३८६». ही «ब्रेक्स» ओळ पॅकेजमध्ये कुणी लिहिलेली नसते, एपीटी ती स्वतः गृहीत धरते. अशा वेळी «--फिक्स-ब्रोकन» वगैरे देऊन पुढे रेटू नये. लिबयूडेव्ह१ वर अर्धी यंत्रणा उभी आहे आणि काढायच्या यादीत सगळ्या सेवा सुरू करणारं सिस्टिमडीसुद्धा येऊ शकतं. आधी «एपीटी -एस» देऊन नुसतं सोंग करवायचं आणि «रिमूव्ह»खालची यादी शेवटच्या नावापर्यंत वाचायची.

उपाय: आरशाला «--आर्च=एएमडी६४,आय३८६,एआरएम६४», आणि केंद्रांवर एकच स्रोत. डेबियन.सोर्सेस फाइलीत «आर्किटेक्चर्स: एएमडी६४ आय३८६» ही ओळ स्पष्ट लिहिली. आणखी एक: आय३८६ च्या प्रतीवर «होल्ड» लावून आवृत्ती गोठवली तर एएमडी६४ ची सुरक्षा दुरुस्तीही अडून राहते, कारण दोघं एकाच दोरीला बांधलेले. म्हणून होल्ड कुठेही लावायचा नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पावतीचा प्रोग्राम ६४-बिट. त्याने लिबकाटा उघडायला घेतली की «राँग ईएलएफ क्लास: ईएलएफक्लास३२». यावर काही तोडगा नाही. एका प्रोसेसमध्ये दोन रुंदीचे पॉइंटर नांदत नाहीत. लायब्ररी शेजारच्या खोलीत असली तरी. अख्खा पावती प्रोग्राम ३२-बिट करणं हा एक पर्याय होता, पण मग जीटीके (खिडक्या-बटणं दाखवणारी लायब्ररी), पायथन, छपाई, सगळंच आय३८६ मध्ये ओढावं लागलं असतं, आणि आय३८६ चं भवितव्य बघता ते शहाणपणाचं नाही.

म्हणून मध्ये एक छोटा ३२-बिट सेवक ठेवला: काटाडी. लिबकाटा फक्त तोच उघडतो, वजन वाचतो आणि /रन/काटा/काटा.सॉक या युनिक्स सॉकेटवर (एकाच संगणकावरच्या दोन प्रोग्रामांची बोलण्याची वाट) देतो. काय पाठवायचं यावर अर्धा दिवस गेला आणि तो वाया गेला नाही. सी भाषेतला स्ट्रक्ट (एकत्र बांधलेली मूल्यं) तसाच्या तसा सॉकेटवर टाकायचा मोह टाळला. एक int32 आणि एक int64 असलेला स्ट्रक्ट आय३८६ वर १२ बाइट, एएमडी६४ वर १६. इतकंच नाही: ३२-बिट एआरएमवरही तो १६ च भरतो. आय३८६ वर टाइम_टी (वेळ साठवायचा प्रकार) ४ बाइट, आणि ट्रिक्सीतल्या एआरएमएचएफवर (३२-बिट एआरएम) ८, कारण २०३८ च्या अडचणीसाठी (३२-बिट वेळ त्या वर्षी संपते) टाइम_टी रुंद करताना जुन्या प्रोग्रामांसाठी आय३८६ ला मुद्दाम वगळलं. म्हणजे «३२-बिट» हा एक प्रकार नव्हेच. ओळ साध्या मजकुरात जाते: ग्रॅममध्ये वजन, उभी रेघ, सेकंदात वेळ, उभी रेघ, काटा स्थिर आहे की हलतो आहे. ५२.३५० किलोचं पोतं म्हणजे ५२३५०.

पॅकेजच्या कंट्रोल फाइलीत काटाडीला:

«आर्किटेक्चर: आय३८६»
«मल्टी-आर्च: फॉरेन»

फॉरेन हा शब्द इथे फसवा आहे. त्याचा अर्थ «परका» असा घ्यायचा नाही, तर «परक्यांनाही उपयोगी पडतो» असा घ्यायचा. काटाडी सॉकेटवरून बोलतो, समोरचा किती बिटांचा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यामुळे एएमडी६४ चं पावती पॅकेज नुसतं «डिपेंड्स: काटाडी» म्हणतं आणि एपीटी आय३८६ चं उचलते. ही ओळ नसेल तर एपीटी काटाडी:एएमडी६४ शोधत बसेल, जे कधीच अस्तित्वात येणार नाही. लिबकाटा स्वतः /यूएसआर/लिब/काटाडी/ या खासगी जागेत, सामायिक खोलीत नाही. पुरवठादाराच्या लायब्ररीला आवृत्तीचा क्रमांकच नाही, ती सगळ्यांच्या वाटेत ठेवण्यात अर्थ नव्हता.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

टर्मिनलवरून काटाडी उत्तम चालतो. सिस्टिमडीकडून सुरू केला की क्षणात मरतो. जर्नलमध्ये «स्टेटस=३१/एसवायएस». ना लायब्ररीची तक्रार, ना परवानगीची.

३१ म्हणजे सिगसिस: कर्नलने सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे केलेली मागणी) अडवला. सेवा कशी चालवायची ते सांगणाऱ्या युनिट फाइलीतल्या बंदोबस्ताच्या ओळी दुसऱ्या एका सेवेतून उचललेल्या होत्या, त्यात «सिस्टिमकॉलआर्किटेक्चर्स=नेटिव्ह». या ओळीचा अर्थच असा की ६४-बिटखेरीज दुसऱ्या दाराने कर्नलकडे जायचं नाही. ३२-बिट प्रोसेसचा पहिलाच कॉल त्या दुसऱ्या दाराने जातो. ओळ काढून टाकली नाही, कारण बाकीच्या «सिस्टिमकॉलफिल्टर»ला तिचाच टेकू आहे. ती नसेल तर गाळणी चुकवायला ३२-बिट दार उघडं राहतं. बदल फक्त «सिस्टिमकॉलआर्किटेक्चर्स=नेटिव्ह एक्स८६» एवढा. «डीमन-रीलोड», पुन्हा सुरू, वजन आलं.

सिरियल पोर्टसाठी काटाडीचा वापरकर्ता «डायलआउट» गटात आणि यूडेव्हच्या (जोडलेल्या उपकरणांना नावं देणाऱ्या भागाच्या) नियमाने /डेव्ह/काटा हे कायमचं नाव. वीज जाऊन आली की यूएसबीचे क्रमांक अदलाबदल होतात, म्हणून टीटीवाययूएसबी० वर भरवसा ठेवायचा नाही. वाळपईत वीज जाण्याची वाट फार पाहावी लागत नाही, चाचणी आपसूक झाली.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळीनंतर. आता आपली स्वतःची लायब्ररी, लिबपावती. काम एकच: रक्कम मराठी अक्षरांत लिहिणं. शून्य ते नव्याण्णवपर्यंत मराठीत नियमाने शब्द बनत नाहीत («एकोणपन्नास»च्या पुढे «पन्नास», आणि बेचाळीस-त्रेचाळीस-चव्वेचाळीस यांना सूत्र लावून दाखवावं कुणीतरी), म्हणून १०० शब्दांचा तक्ता, त्यावर शंभर, हजार, लाख. ही लायब्ररी तिन्हीकडे हवी: एएमडी६४ वर पावतीसाठी, एआरएम६४ वर रास्पबेरी पायच्या पडद्यासाठी, आणि आय३८६ वर, कारण पुरवठादाराचा आराखड्याचा प्रोग्राम आपलं प्लगइन उघडतो.

सीमेक या बांधणीच्या साधनाला «जीएनयूइन्स्टॉलडर्स» जोडलं की डेबियनवर लायब्ररी आपोआप योग्य खोलीत जाते, पण प्रिफिक्स /यूएसआर असेल तरच. /यूएसआर/लोकल दिलं तर नुसतं «लिब». हाताने चाचणी करताना हा फरक गोंधळात टाकतो. पॅकेजच्या इन्स्टॉल फाइलीत «यूएसआर/लिब/*/लिबपावती.एसओ.*», मधला तारा त्या खोलीच्या नावासाठी. कंट्रोलमध्ये «मल्टी-आर्च: सेम».

एएमडी६४ बसलं. आय३८६ बसवताना डीपीकेजी अडली:

«ट्राइंग टू ओव्हरराइट शेअर्ड /यूएसआर/शेअर/पावती/अंक.टॅब.जीझेड, व्हिच इज डिफरंट फ्रॉम अदर इन्स्टन्सेस ऑफ पॅकेज लिबपावती१:आय३८६»

सेम पॅकेजांत खोलीबाहेरची प्रत्येक फाइल बाइटन् बाइट सारखी हवी. तक्ता बांधणीच्या वेळी तयार होऊन जीझिप होतो, आणि जीझिप मूळ फाइलीची वेळ आत लिहून ठेवतं. मेकफाइलीत «जीझिप -९» होतं, ते «जीझिप -९एन» केलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

तरी तोच संदेश. तिन्ही पॅकेजं «डीपीकेजी-डेब -एक्स»ने वेगळ्या फोल्डरांत उलगडून «एसएचए२५६सम» काढले. एएमडी६४ आणि एआरएम६४ सारखे, आय३८६ वेगळा. आत बघितलं: एएमडी६४ वर प्रत्येक नोंदीचं डोकं ८ बाइटचं, आय३८६ वर ४ चं. तक्ता लिहिणाऱ्या कोडने शब्दाची लांबी «लाँग»मध्ये धरून तशीच फाइलीत ओतली होती. आय३८६ वर लाँग ४ बाइट, उरलेल्या दोघांवर ८.

डीपीकेजीची कटकट वाटत होती ती, पण तिने खरा दोष पकडला. फाइल बळजबरीने एकावर एक बसवली असती तर आराखड्याच्या प्रोग्रामने ६४-बिट तक्ता ३२-बिट डोळ्यांनी वाचला असता: पहिल्या शब्दाची लांबी बरोबर, त्यापुढे सगळा कचरा, आणि तोही पावतीवर. «यूइंट३२_टी» केलं, बाइटक्रम ठरवून लिहिला. तिन्ही एसएचए सारखे.

त्यातून धडा घेऊन कॉन्फिग हेडरही तपासला. त्यात «साइझऑफ लाँग» बांधणीच्या वेळी भरलेलं. हा आर्किटेक्चरनुसार बदलणारच, म्हणून तो /यूएसआर/इन्क्लूड च्या खाली त्या-त्या ट्रिप्लेटच्या (एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू सारख्या नावाच्या) फोल्डरात हलवला. जीसीसी कंपायलर ती जागा आपणहून बघतो.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

तक्ता वेगळ्या पॅकेजात काढला, लिबपावती-डेटा, «आर्किटेक्चर: ऑल». लगेच: «लिबपावती१:आय३८६ : डिपेंड्स: लिबपावती-डेटा:आय३८६ बट इट इज नॉट इन्स्टॉलेबल». ऑल म्हणजे सगळ्यांसाठी, असं वाटतं. पण अवलंबित्व जुळवताना ऑल पॅकेज यजमान आर्किटेक्चरचंच धरलं जातं. «मल्टी-आर्च: फॉरेन» लिहिल्यावर सुटलं. आर्किटेक्चर: ऑल दिसलं आणि आत फक्त डेटा असला की ही ओळ हाताबरोबर घालायची.

याच्या उलट चूकही करून पाहिली (बांधणीच्या संगणकावर, काउंटरवर नव्हे). लिबपावती१ लाच फॉरेन लिहिलं. एपीटी खूश, एएमडी६४ च्या प्रतीवर आय३८६ ची गरज भागल्याचं मानते, बसवते, आणि चालवायला गेलं की लायब्ररी नाही. प्रत्येक पॅकेजला एकच प्रश्न विचारायचा: दुसऱ्या प्रोग्रामच्या प्रोसेसमध्ये शिरतं का? शिरत असेल तर सेम. आज्ञा, सॉकेट किंवा फाइलीतून बोलत असेल तर फॉरेन. पायथन, पर्लसारखे दोन्ही करणारे असतात, त्यांच्यासाठी «अलाउड», आणि मग मागणाऱ्याने «पायथन३:एनी» असं लिहायचं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

साखळीहून फोन: आराखड्याच्या प्रोग्राममध्ये देवनागरी टंकता येत नाही, इंग्रजी येतं. बाकी सगळीकडे आयबस (देवनागरी टंकायची सोय) नीट. प्रोग्राम ३२-बिट जीटीके३, टंकनाचं मॉड्यूल त्याच्याच प्रोसेसमध्ये शिरतं, म्हणून आयबस-जीटीके३:आय३८६ हवं. आयबसचा डीमन मात्र ६४-बिटच चालतो, कारण मॉड्यूल त्याच्याशी डी-बसवरून बोलतं. म्हणजे मंगळवारचा प्रश्न जसाच्या तसा. मॉड्यूलांची यादी प्रत्येक आर्किटेक्चरच्या खोलीत वेगळी, इममॉड्यूल्स.कॅश; पॅकेज बसताना ती आपली आपण ताजी होते. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडायला सांगितला, झालं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

रास्पबेरी पाय. बांधणीच्या संगणकावर एआरएम६४ जोडलं, «क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-एआरएम६४», मग «एपीटी बिल्ड-डेप -ए एआरएम६४ ./» आणि «डीपीकेजी-बिल्डपॅकेज -ए एआरएम६४ -बी». आपल्या चाचण्या इथे चालत नाहीत, त्या एआरएम प्रोसेसरचं सोंग करणाऱ्या «क्यूईएमयू-युझर»खाली वेगळ्या चालवल्या. आय३८६ ला हा उपद्व्याप लागत नाही. तिथे साधं आय३८६ क्रूट (फोल्डरात बंदिस्त केलेली वेगळी यंत्रणा) पुरतं, प्रोसेसर ते थेट चालवतो.

वाळपई आणि साखळीचे पाय बसले. डिचोलीच्या पायने «पॅकेज आर्किटेक्चर एआरएम६४ डझ नॉट मॅच सिस्टिम एआरएमएचएफ» म्हणून पॅकेज नाकारलं. «यूनेम -एम» तर एआर्च६४ दाखवते. कर्नल ६४-बिट, वरची सगळी यंत्रणा ३२-बिट. रास्पबेरी पायच्या ३२-बिट प्रतिमेवर पाय ४ मध्ये हे सर्रास असतं. आर्किटेक्चर विचारायचं ते कर्नलला नाही, «डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर»ला. चालत्या यंत्रणेचं आर्किटेक्चर बदलता येतं, पण एका पडद्यासाठी तेवढी उस्तवार कशाला? कार्डवर ६४-बिट प्रतिमा नव्याने लिहिली, वीस मिनिटं.

जाता जाता: डेबियनचं एआरएमएचएफ आणि रास्पबेरी पायच्या जुन्या परंपरेतलं एआरएमएचएफ एकाच खोलीत राहतात, एकच नाव लावतात, पण पहिलं एआरएमव्ही७ साठी बांधलेलं, दुसरं एआरएमव्ही६ साठी. पहिल्या पिढीच्या पायवर किंवा पाय झीरोवर डेबियनची फाइल «इल्लीगल इन्स्ट्रक्शन» देऊन पडेल. खोलीचं नाव एबीआय (फाइली एकमेकींशी कशा जुळतात त्याचे नियम) सांगतं, प्रोसेसरची पिढी सांगत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

फोंड्याच्या चारपैकी तीन संगणकांवर कुणीतरी उगाच आय३८६ जोडून ठेवलेलं. «एपीटी पर्ज '?आर्किटेक्चर(आय३८६)'», अवतरणचिन्हं न विसरता, यादी वाचून मगच होकार. मग «डीपीकेजी --रिमूव्ह-आर्किटेक्चर आय३८६». एकही ३२-बिट पॅकेज शिल्लक असेल तर ती नकार देते.

रविवारच्या आरशाच्या पटकथेत एक तपासणी वाढवली: लिबसी६, लिबयूडेव्ह१ आणि लिबएसटीडीसी++६ या तिघांच्या एएमडी६४ व आय३८६ आवृत्त्या आरशात जुळत नसतील तर डिस्क केंद्रांकडे पाठवायचीच नाही. डिचोलीच्या काट्याची केबल सैल आहे, «हलतो आहे» ची खूण जात नाही, सोमवारी बदलायची.